रक्त बोलायला वेळ घेतं

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गप्पा कान देऊन ऐकल्या तर निम्म्या गप्पा रक्ताच्या तपासणीच्या असतात. जेवणाआधीची साखर किती, जेवणानंतरची किती, कोलेस्टेरॉल कुठल्या गोळीने उतरलं, थायरॉइडने कुणाला छळलं... बेंगळुरूच्या लालबागेत काय किंवा पुण्याच्या सारसबागेत काय, विषय तोच. आकडे न विचारताही सांगितले जातात. मात्र त्याच लॅबमध्ये, तशाच सुईने, हाताच्या त्याच शिरेतून काढलेल्या रक्ताची एक तपासणी अशी आहे, की तिचं नाव घेताना आवाज आपोआप खाली जातो.

लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी. मराठीत या आजारांना आपण 'गुप्तरोग' म्हणून मोकळे झालो. गंमत अशी, की गुप्त म्हणायचं आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर पुरुष-पुरुष उंचीच्या अक्षरांत त्याच्या जाहिराती रंगवायच्या! जो आजार भिंतीवर उघडा पडलेला आहे, तो फक्त डॉक्टरसमोर गुप्त राहतो.

आता समजा, एक तरुण आहे. वय अठ्ठावीस. घर इचलकरंजीचं, नोकरी बेंगळुरूला व्हाइटफील्डच्या बाजूला, बिऱ्हाड मराठहळ्ळीत दोन मित्रांसोबत. असे तरुण त्या शहरात ढिगाने आहेत. गावाकडे लग्न ठरलेलं आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त धरलेला आहे. आणि सप्टेंबरच्या मध्यावर, ऑफिसच्या एका सहलीत, जेमतेम दोन दिवसांच्या ओळखीवर, एका रात्री जे घडायचं ते घडून जातं. निरोध वापरलेला नाही.

तो चुकला की नाही, याचा निवाडा त्याने, त्याच्या घराने आणि होणाऱ्या बायकोने करायचा. लॅब म्हणजे काही कोर्ट नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की रविवारी सकाळी जाग आल्यावर त्याने काय करायचं? बहुतेक जण काय करतात, ते बघण्यासारखं आहे.

मंगळवारचा रिपोर्ट

बहुतेक जण रविवारचा दिवस मनाशी कुढण्यात घालवतात. मोबाइलवर लक्षणं वाचतात. घसा खवखवतोय का, अंगावर पुरळ आहे का, हे आरशात तपासतात. सोमवारी मेडिकलच्या दुकानातून कुठलं तरी अँटिबायोटिक आणून पोटात ढकलतात. मग धीर करून लॅबला फोन लावतात, 'फुल पॅकेज' मागवतात. माणूस घरी येऊन रक्त नेतो. मंगळवारी रात्री फोनवर रिपोर्ट येतो. सगळीकडे 'निगेटिव्ह'. हुश्श! त्या रात्री झोपही छान लागते.

आणि फसगत होते ती इथेच.

मंगळवारचा रिपोर्ट खोटा नसतो. तो फक्त भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. गेल्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत या माणसाला काही आजार जडला होता का, एवढंच त्यातून कळतं. शनिवारच्या रात्रीबद्दल त्या रक्ताला मंगळवारी काहीच सांगता येत नाही. कारण या तपासण्यांपैकी बऱ्याच तपासण्या जंतूला शोधत नाहीत. जंतूविरुद्ध शरीराने उभ्या केलेल्या प्रतिद्रव्यांना शोधतात. चोर घरात शिरला तरी पोलिसांत वर्दी जायला वेळ लागतो, तसंच हे. जंतू शिरल्यापासून तपासणीत तो दिसू लागेपर्यंतच्या काळाला डॉक्टर 'विंडो पीरियड' म्हणतात. या काळात आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस दुसऱ्याला तो देऊही शकतो.

बरं, त्या मंगळवारपर्यंत आणखी एक गोष्ट हातातून निसटलेली असते. एचआयव्हीची शक्यता वाटत असेल तर ती रोखण्यासाठी औषधं आहेत. 'पीईपी' या नावाने डॉक्टर ती ओळखतात. पण ती घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. पहिल्या काही तासांत सुरू झाली तर उत्तमच. नंतर २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. दवाखान्यात वापरलेली सुई टोचलेल्या नर्सना आणि अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना ती दिली जातात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. पण नेमक्या वेळी ते आठवत नाही. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीचे ७२ तास मंगळवारी रात्री संपतात. म्हणजे आपला तरुण ज्या क्षणी रिपोर्ट वाचून हुश्श करतो, जवळपास त्याच क्षणी ते दार बंद होतं. रविवारी सकाळी लॅबऐवजी डॉक्टरकडे, म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या एआरटी केंद्राकडे किंवा संसर्गरोगतज्ज्ञाकडे गेला असता तर औषध घ्यायचं की नाही, हे तरी ठरलं असतं. कावीळ 'ब'ची लस न घेतलेल्याला तीही त्याच वेळी टोचून घेता येते. आणि स्त्री असेल तर गर्भनिरोधक गोळीचाही प्रश्न याच ७२ तासांतला.

औषध घ्यायचंच असं नाही. धोका किती, याचा हिशेब डॉक्टर करतात आणि तो हिशेब घाबरलेल्या माणसाच्या अंदाजापेक्षा बराच सौम्य असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या अंदाजाप्रमाणे, जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि औषध चालू नाही असं धरलं तरी योनिमार्गाच्या एका असुरक्षित संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. परमा किंवा गरमीचं मात्र असं नाही. ते फार सहज लागतात. लोक ज्याला भितात तो आजार क्वचित लागतो आणि ज्याचं नाव विसरलेत तो चटकन चिकटतो, असा हा उलटा प्रकार आहे.

परमा म्हणजे गनोरिया, गरमी किंवा उपदंश म्हणजे सिफिलिस. आजी-आजोबांच्या पिढीला ही नावं चांगली ठाऊक होती. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं. कामजीवन, संततिनियमन आणि हे आजार यांबद्दल ते सरळ मराठीत लिहीत राहिले, त्यापायी अश्लीलतेचे खटलेही अंगावर घेतले. त्या मानाने आजचा सुशिक्षित तरुण अगदीच कोरा. त्याला एचआयव्ही ठाऊक असतो, बाकी काही नाही.

प्रत्येक आजाराची आपली मुदत असते. परमा आणि क्लॅमिडिया साधारण दोन आठवड्यांनी लघवीच्या तपासणीत सापडतात. यासाठी लघवी पहिल्या धारेची लागते आणि त्याआधी तास-दोन तास लघवीला गेलेलं नसावं लागतं. नेहमीच्या तपासणीला मधल्या धारेची लघवी मागतात, म्हणून इथे घोटाळा होतो. सोमवारी परस्पर घेतलेलं अँटिबायोटिक इथेच आडवं येतं: जंतू अर्धमेले होतात, तपासणीत दिसत नाहीत, मरतही नाहीत. एके काळी परम्यावर सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्यावर भरवशाचं राहिलेलं नाही, ते अशाच अर्धवट औषधोपचारांच्या कृपेने.

गरमीचा खेळ त्याहून फसवा. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहाव्या दिवशी तर कधी नव्वदाव्या, एक फोड उठतो, त्याचा व्रण होतो. दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, गेलं एकदाचं! गेलेलं काहीच नसतं. आजार आत मुक्कामाला गेलेला असतो. व्हीडीआरएल नावाची साधी तपासणी त्याला पकडते, पण खात्रीचं उत्तर तीन महिन्यांनी. सापडला तर सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं. एचआयव्हीच्या नव्या, चौथ्या पिढीच्या लॅब-तपासणीत ४५ दिवसांनी आलेलं निगेटिव्ह बव्हंशी पक्कं मानतात. बोटातून थेंब घेऊन केलेल्या झटपट चाचणीला तीन महिने द्यावे लागतात. कावीळ 'ब'चं अंतिम उत्तर सहा महिन्यांपर्यंत लांबू शकतं.

खासगी लॅबच्या महागड्या पॅकेजमध्ये बहुधा हर्पिसची रक्ततपासणीही असते. अंगावर फोड नसताना ती करण्यात फारसा अर्थ नसतो. जगातल्या प्रौढांपैकी फार मोठ्या हिश्श्याला लहानपणीच ओठावरच्या हर्पिसचा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्याचं 'पॉझिटिव्ह' वाचून कित्येकांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या असतील. पॅकेज जेवढं मोठं तेवढी तपासणी चांगली, असं इथे नसतं.

रक्तदान शिबिराची पळवाट

काही हुशार मंडळी आणखी एक युक्ती काढतात. रक्तदान केलं की रक्तपेढी एचआयव्ही, कावीळ 'ब' आणि 'क', गरमी, मलेरिया हे सगळं तपासतेच. मग कुणाला काही न सांगता शिबिरात जाऊन रक्त द्यायचं, काही असेल तर फोन येईल! ही युक्ती अतिशय वाईट आहे. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीच्या चाळणीतून निसटू शकतं आणि ते कुणा बाळंतिणीच्या किंवा थॅलेसिमियाच्या पोराच्या शरीरात जाऊ शकतं.

रक्तदानातूनच सापडलेल्या एका तरुणाची गोष्ट गोव्यातली आहे आणि तपासणीला लोक का भितात, हे समजायला ती पुरेशी आहे. डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करायचे. १९८९ साली त्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्यांना ते कुणी समजावून सांगितलं नाही. पोलिसांनी उचलून नेलं. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधिताला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका इमारतीत त्यांना ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं. त्यांच्या आई ल्यूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. पुढे सक्तीची तरतूद सैल झाली. डॉमिनिक यांनी बाधितांसाठी काम सुरू केलं आणि १९९२ साली ते गेले.

म्हणजे या देशात ही तपासणी सुरुवातीला माणसासाठी नव्हतीच, माणसावर होती. त्याच्याही तीन वर्षं आधी, १९८६ साली, मद्रासमध्ये देशातला पहिला एचआयव्ही सापडला तो सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केलेल्या रक्तात. तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. ज्या स्त्रियांचं रक्त घेतलं, त्या वेश्याव्यवसायातून पकडून सुधारगृहात ठेवलेल्या होत्या आणि तपासणी नेमकी कशाची, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. पण पुढे याच सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे' केंद्र काढलं आणि बाधितांशी नावाने बोलायची, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची रीत पाडली. २०१५ साली त्या गेल्या. २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

बेंगळुरूला तर हा इतिहास आणखी जुना आहे. इंग्रजांच्या छावण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात 'लॉक हॉस्पिटल' असत, बेंगळुरूच्या छावणीतही होतं. गोऱ्या सोल्जरांना गरमी-परमा होऊ नये म्हणून बाजारातल्या बायकांची नावं रजिस्टरला घालायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, आजारी निघाली तर कोंडून ठेवायचं. सोल्जर मात्र मोकळा. त्याच छावणी भागात, आजच्या शिवाजीनगरात, बावरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालय उभं आहे, आणि आज तिथे त्वचा व लैंगिक आजारांच्या ओपीडीत पुरुषही त्याच रांगेत बसतात.

आता कायदा बदलला आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून अमलात आला. समजावून सांगितल्याशिवाय आणि संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, नोकरी देताना ही तपासणी मागायची नाही, निकाल परस्पर कुणाला सांगायचा नाही. कंपनीच्या एच.आर.ला कळेल ही भीती बेंगळुरूतल्या पोरांच्या मनात मोठी असते. सरकारी केंद्रात जाणाऱ्याला तर विम्याचं कार्डसुद्धा काढावं लागत नाही.

ही केंद्रं म्हणजे आयसीटीसी. सरकारी मेडिकल कॉलेजं आणि जिल्हा रुग्णालयांतून असतात. तपासणी फुकट. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ हा फुकट क्रमांक आहे, नाव न सांगता विचारता येतं. अशा केंद्रात आधी समुपदेशकाशी बोलणं होतं आणि भिणाऱ्याला सगळ्यात अवघड तेच वाटतं. प्रश्न सरळ असतात: संबंध कधी आला, कशा प्रकारचा, निरोध होता का, त्यानंतर आणखी कुणाशी? हे प्रश्न चौकशीसाठी नसतात, तारीख काढण्यासाठी असतात. तारखेशिवाय तपासणीला अर्थ नाही.

आणि पहिल्या चाचणीत रेघ उमटली म्हणजे 'पॉझिटिव्ह' नव्हे. वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या त्याच रक्तावर होतात. तिन्ही जुळल्या तरच निकाल लागतो. खासगी लॅबचा एका चाचणीचा कागद घेऊन कुणी रात्री टेरेसवर गेला असेल तर त्याला हे आधी सांगायला हवं. आणि हेही, की एचआयव्हीची औषधं १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. वेळेवर घेतली तर विषाणू रक्तात मोजण्याइतकाही उरत नाही आणि मग संबंधातून जोडीदाराला लागतही नाही.

मुहूर्त आणि मुदत

आता त्या तरुणाचं कॅलेंडर बघा. सप्टेंबरच्या मध्यापासून ४५ दिवस म्हणजे ऑक्टोबरची अखेर. एचआयव्हीचं बरंचसं उत्तर तेव्हा मिळेल, दिवाळीच्या आसपास. तीन महिने भरतात ते डिसेंबरच्या मध्यावर. लग्न त्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी! तो गावी फोन लावतो.

"दादा, तारीख जरा पुढे ढकलता येईल का रे? प्रोजेक्टचं काम निघालंय."

"अरे, पुढे पौष लागतो. पौषात कोण लग्न करतं? मग माघातच. आणि हॉलचं काय? तिच्या घरच्यांना काय सांगायचं?"

दादाचं बरोबर आहे. आणि तिकडे ती रोज रात्री फोनवर साड्यांचे रंग विचारते आहे.

अशा वेळी समुपदेशक काय सांगतात? लग्न मोडा, असं कुणी सांगत नाही. वाटा तीनच असतात. तारीख पुढे न्यायची. किंवा लग्न करायचं, पण शेवटचा रिपोर्ट हाती येईपर्यंत निरोधाशिवाय जवळीक करायची नाही. नव्या नवरीला त्याचं कारण सांगणं सोपं नाही, पण 'मूल इतक्यात नको' हे कारण अनेक जोडपी तसंही देतात. किंवा तिला सांगायचं. तिसरी वाट सगळ्यात अवघड, आणि तिने काय करावं हे कुणीच सांगू शकत नाही. ती चिडेल, लग्न मोडेल, किंवा 'मीही तपासणी करून घेते, तूही कर' म्हणेल. तिचा हक्क आहे तो. पहिल्या दोन वाटांत तिचा हक्क कुठेतरी बाजूला राहतो, हे समुपदेशकांनाही ठाऊक असतं. फक्त दोन आठवड्यांची लघवीची तपासणी आणि ४५ दिवसांचं रक्त चुकवायचं नाही, यावर ते अडून बसतात. तेवढ्यात बहुतेक धोका कळतो, कळला तर लग्नाआधी इलाजही होतो.

या सगळ्यात तिची बाजू शरीरानेही कच्ची असते. परमा झालेल्या पुरुषाला बहुधा जळजळ होते, पू येतो, तो डॉक्टर गाठतो. अनेक स्त्रियांना काहीही जाणवत नाही. आजार आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत पोचतो, आणि पुढे मूल होत नाही म्हणून दवाखाने सुरू होतात. गावाकडे त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं, हे कुणाला सांगायला नको.

कितीतरी घरांत पहिली तपासणी होते ती तिचीच. दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यात नाव घातलं, की प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि गरमीची चाचणी करतात. ती चांगलीच सोय आहे. वेळेवर औषध मिळालं तर बाळ वाचतं. पण त्यामुळे आजार घरात आधी 'सापडतो' तो बाईच्या नावावर. तिच्या हातात चिठ्ठी येते, आणि नर्सबाई सांगतात, "नवऱ्याला घेऊन या." बऱ्याचदा तो येत नाही, कामाचं निमित्त असतं, सुट्टी नसते. म्हणून सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारासाठीही औषधं देतात. एकाने इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर तोच आजार काही दिवसांत त्याच अंथरुणावर परत येतो.